नारिंगी डोक्याचा कस्तूर

टर्डिडी कुलातील हा गाणारा वनपक्षी भारतीय उपखंडापासून दक्षिण चीन आणि इंडोनेशियातील जावा व बाली बेटांपर्यंत आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव जिओकिक्ला सिट्रिना असून १७९० मध्ये जॉन लेथॅम यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. लांबी सुमारे २१ सेंमी. असते. नराचे डोके, छाती व पोट गडद नारिंगी, तर पाठ, पंख व शेपटी निळसर राखाडी असतात; मादीची पाठ तपकिरी छटेची असते. महाराष्ट्र व गोव्यासह द्वीपकल्पीय भारतात आढळणाऱ्या सायनोटस या उपजातीचा गळा पांढरा असून गालावर दोन गडद उभे पट्टे असतात, त्यामुळे ती चटकन ओळखू येते.

इतका रंगीत असूनही हा पक्षी सहसा नजरेस पडत नाही, कारण त्याचे बहुतेक आयुष्य दाट सावलीत, जमिनीलगत जाते. ओढ्याकाठची दमट झाडी, बांबूची बेटे, पानझडी व सदाहरित वनांतील गर्द झुडपे हा त्याचा अधिवास. सावली दाट असेल तर जुन्या बागा आणि कॉफीचे मळेही त्याला चालतात. कुजणारा पालापाचोळा चोचीने उलटापालटा करून तो त्याखालचे किडे, गांडुळे व गोगलगायी टिपतो. फळेही तो खातो. म्हणून वरची झाडे शाबूत असली, तरी खालची झुडपे तोडलेले आणि पाचोळा झाडून नेलेले रान त्याच्या फारसे उपयोगाचे राहत नाही.

पहाटे व सायंकाळी नर झाडावर बसून गोड, खणखणीत स्वरांत गातो आणि इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही करतो. सह्याद्रीत विणीचा हंगाम पावसाळ्यात येतो. काटक्या, मुळे व शेवाळ यांचे वाटीसारखे घरटे मध्यम उंचीच्या झाडावर किंवा झुडपात असते. मादी बहुधा तीन-चार अंडी घालते; ती १३-१४ दिवसांत उबतात आणि पिलांचे संगोपन दोघे मिळून करतात.

उत्तरेकडील डोंगराळ भागांतील पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे स्थलांतर करतात.

जागतिक स्तरावर ही जाती संकटग्रस्त मानली जात नाही. मात्र हा दिलासा सरसकट लागू पडत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हे पक्षी पकडणे गुन्हा आहे. इंडोनेशियात मात्र गाण्याच्या स्पर्धांसाठी आणि पिंजऱ्यात पाळण्यासाठी त्यांना मोठी मागणी असल्याने जावा व बालीतील रानांत त्यांची संख्या बरीच घटली आहे.