सोंग, संशय आणि टाच

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, असं आपण म्हणतो. विम्याचे आणि अपंगत्व भत्त्याचे दावे तपासणारे डॉक्टर मात्र शंभराहून अधिक वर्षं नेमकी तीच खटपट करताहेत. मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. कंबरदुखी, विसराळूपणा, पायातली कमजोरी दिसत नाही, आणि खोट्या दाव्याला जागा मिळते ती इथेच.

जुन्या युक्त्या गमतीदार आहेत. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एटिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने 1911 मध्ये मांडलं. मग काय, बहिरेपणाचा दावा करणाऱ्याला मोठ्याने वाचायला लावायचं आणि मध्येच त्याच्या कानात गोंगाट सोडायचा! ऐकूच येत नसेल तर आवाज चढेल कशाला?

मला सगळ्यात आवडते ती स्मृतीची चाचणी. समजा, 50 चित्रं दाखवली. नंतर प्रत्येक वेळी दोन चित्रं समोर ठेवून विचारायचं, यातलं आधी कोणतं पाहिलं होतं? ज्याला काहीच आठवत नाही तो अंदाजाने बोट ठेवेल आणि पंचविसाच्या आसपास उत्तरं बरोबर येतील, नाणं उडवल्यासारखी. सोंग घेणाऱ्याला वाटतं, विसरलेल्या माणसाचं सगळंच चुकायला हवं. म्हणून तो मुद्दाम चुकीकडे बोट दाखवतो. निव्वळ अंदाजाने 15 किंवा त्याहून कमी उत्तरं बरोबर येण्याची शक्यता हजारात जेमतेम 3 असते. इतकं चुकायला बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं.

पण प्रत्येक चाचणी इतकी चोख नसते. समजा, 1000 दावेदारांपैकी 100 जण खोटे आहेत. चाचणी खोट्यांपैकी 90 टक्के पकडते, आणि खऱ्यांपैकी फक्त 10 टक्क्यांवर चुकून ठपका ठेवते. ऐकायला उत्तम. आता मोजा: पकडलेले खोटे 90 आणि ठपका बसलेले खरे, 900 चे 10 टक्के म्हणजे तेही 90. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तेही निम्म्याला निम्मं. चोरून काढलेल्या व्हिडिओचीही तीच गत. संधिवाताचा रुग्ण एखाद्या बऱ्या दिवशी पिशवी उचलून चालताना दिसतो. पुढचे चार दिवस तो अंथरुणातून उठत नाही, ते कोणी चित्रित करत नाही.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो टाचेचा. उताणं झोपून एक पाय उचलला की दुसऱ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. चार्ल्स हूव्हर या अमेरिकी डॉक्टरने 1908 मध्ये ही खूण सांगितली. पाय लुळा असल्याचं सांगणाऱ्याला दुसरा, चांगला पाय उचलायला लावायचा आणि ‘लुळ्या’ टाचेखाली हात ठेवायचा. टाच दाबली गेली, म्हणजे पायात ताकद आहे. मग माणूस खोटारडा ठरवायचा का? नाही. मेंदूची रचना शाबूत असूनही हालचालीची आज्ञा वाटेत अडकते, असा एक विकार आहे. त्यात हलवायचा म्हटला की पाय हलत नाही, लक्ष दुसरीकडे असलं की हलतो. टाचेवरून एवढंच कळतं की ताकद आहे. नियत कळत नाही.

आता काही मेंदूतज्ज्ञ हीच खूण रुग्णाला करून दाखवतात. बघा, तुमच्या पायात जोर आहे, तो परत मिळवता येईल. आणि व्यायामोपचार तिथूनच सुरू होतो.