ठिसूळपणा

ओढ, दाब किंवा आघात सोसताना फारसे न वाकता, न लांबता एकदम तुटण्याचा पदार्थाचा गुणधर्म म्हणजे ठिसूळपणा. काच, खडू, चिनी माती, काँक्रीट आणि बीड (ओतीव लोखंड) हे ठिसूळ पदार्थ. तांबे, सोने, सौम्य पोलाद हे तन्य, म्हणजे ओढल्यावर न तुटता लांबणारे. ठिसूळ म्हणजे कमजोर असा समज सर्रास आढळतो, तो चुकीचा आहे. बिडाचा खांब दाबाखाली प्रचंड भार पेलतो. ओढ बसली की मात्र तडकतो. तन्य तार तुटण्याआधी लांबते, मध्ये बारीक होते. ठिसूळ वस्तू अशी पूर्वसूचना देत नाही आणि खरा धोका तोच.

तुटण्याची सुरुवात बहुधा बारीक भेगेपासून होते. भेगेच्या टोकाशी ताण कित्येक पटींनी एकवटतो. तन्य धातूत टोकाजवळचा भाग थोडा सरकतो, टोक बोथट होते आणि भेग रोखली जाते. काचेत ही सोय नाही. काच कापणारा कारागीर हिरकणीने काचेवर एक उथळ रेघ ओढतो, ती टेबलाच्या कडेवर आणतो आणि हलका दाब देतो. काच बरोबर रेघेवर सरळ तुटते. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ याने १९२१ मध्ये काचेवरच्या प्रयोगांतून या भेगांचे गणित मांडले. ताज्या ओढलेल्या अतिबारीक काचतंतूची ताकद जाड काचेच्या अनेक पट भरते, हे त्याने दाखवले.

तापमानानेही फरक पडतो. एरवी वाकणारे साधे पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होते. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना जवळजवळ दुभंगले. त्या काळच्या ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजांनाही तडे गेले. अनेक तडे डेकवरच्या, माल आत उतरवण्याच्या चौकोनी तोंडांच्या कोपऱ्यांतून निघाले होते. जहाजे रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडलेली असल्याने तडा एका पत्र्यावरून दुसऱ्यावर विनाअडथळा पळत असे. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी थंडीतल्या पोलादाच्या ठिसूळपणाकडे बोट दाखवले. दोष केवळ वेल्डिंगवर ढकलून चालणार नव्हते, म्हणून त्यांचे काम मोलाचे.

पदार्थाचा ठिसूळपणा तपासण्याची शार्पी पद्धत आजही रूढ आहे. १० मिमी चौरस छेदाच्या, ५५ मिमी लांब तुकड्याला खाच पाडून त्यावर लंबकाचा हातोडा सोडतात आणि तुटताना किती ऊर्जा खर्ची पडली ते मोजतात.

ठिसूळपणा कमीही करता येतो. काँक्रीटमध्ये सळया ओढ सोसतात. लोहार लाल तापलेल्या पोलादाला पाणी देतो, म्हणजे ते बुडवून झटकन थंड करतो, तेव्हा ते कठीण होते, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. घासून उजळलेल्या पृष्ठभागावर चढणाऱ्या रंगावरून थांबायचे कुठे ते ठरते: वस्तऱ्यासाठी फिकट पिवळा, स्प्रिंगसाठी निळा.