एक्स्टेंशन वेगळं, पीजीडब्ल्यूपी वेगळं, आणि नव्वद दिवस त्याहून वेगळे

मे महिना लागला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. हापूसच्या पेट्या कोणाकोणाला हव्यात, आणि 'मुलाचं मास्टर्स संपलं, कॅनडाचा व्हिसा वाढवून घ्यायचाय, कोणी माहितीतला एजंट आहे का?' पेट्यांचं लगेच ठरतं. दुसऱ्या प्रश्नाखाली पंधरा जण पंधरा उत्तरं देतात आणि त्यातली बहुतेक एकाच गैरसमजावर उभी असतात: शिक्षणाचं परमिट वाढवणं आणि शिक्षणानंतर कामाचं परमिट घेणं हे एकच. मी तिथे शिकले, नोकरी केली आणि परत आले, त्यामुळे प्रश्न फिरून फिरून माझ्याच दाराशी येतो. यंदा एकदाच लिहून टाकते.

व्हिसाचं आधी उरकू. पासपोर्टात चिकटवलेला असतो तो व्हिसा, आणि तो कॅनडाच्या दारातून आत शिरण्यापुरता. आत राहून शिकायचा हक्क देतं ते स्टडी परमिट, तिथे उतरल्यावर वेगळ्या कागदावर मिळणारं. व्हिसा संपला म्हणून आत असलेल्या मुलाला कोणी हुसकावत नाही. दिवाळीला घरी येऊन परत जायचं असेल, तेव्हा तो लागतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, तरी बोलताना सगळ्यालाच 'व्हिसा' म्हणायची खोड काही जात नाही.

आता मूळ जोडी, एक्स्टेंशन आणि पीजीडब्ल्यूपी. स्टडी परमिटचं एक्स्टेंशन म्हणजे 'माझं शिक्षण अजून चालू आहे' असं तिथल्या सरकारला सांगणं. आपल्या भाषेत, केटी राहिली. किंवा थिसिस लांबला, आजारपणात एक सेमिस्टर हुकलं. त्यासाठी कॉलेजात नाव नोंदलेलं असल्याचं पत्र लागतं, खर्चाला पैसे आहेत हे दाखवावं लागतं, आणि जुनं परमिट जिवंत असतानाच अर्ज करावा लागतो. वेळेत अर्ज गेला की निकाल येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येतं.

पीजीडब्ल्यूपी, म्हणजे पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट, नेमकं उलटं सांगतं: माझं शिक्षण संपलं. नोकरी आधी हातात असावी लागत नाही, कुठल्याही मालकाकडे काम करता येतं, आणि हे आयुष्यात एकदाच मिळतं. कोर्स किमान ८ महिन्यांचा हवा. २ वर्षांहून लहान कोर्सला साधारण कोर्सइतकीच मुदत, २ वर्षं किंवा जास्त असेल तर ३ वर्षं. १५ फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्सवाल्यांना कोर्स २ वर्षांहून लहान असला तरी ३ वर्षं मिळतात.

म्हणून 'आधी स्टडी परमिट वाढवून घेऊ, मग निवांत वर्क परमिटचं बघू' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. शिक्षण संपलेल्या मुलाने शिक्षण चालू असल्याचं परमिट कशाच्या जोरावर वाढवायचं? कॉलेजचं पत्र कुठून आणणार?

आता खरी मेख. ती एक्स्टेंशनच्या फॉर्ममध्ये नाही आणि पीजीडब्ल्यूपीच्या फॉर्ममध्येही नाही. ती परमिटवर छापलेल्या तारखेत आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवारी सकाळी शेजारच्या काकू मोबाईल पुढे धरूनच आत आल्या. "हे बघ गं, ३० नोव्हेंबरपर्यंत आहे परमिट. आमचा म्हणतो, आई, भरपूर वेळ आहे, कशाला डोकं खातेस." मुलगा हुशार. मधल्या उन्हाळ्यात जास्तीचे विषय घेऊन त्याने एक सेमिस्टर आधीच कोर्स संपवलेला. मी विचारलं, कॉलेजने कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र कधी दिलं? त्यांनी लेकाला फोन लावला, तिथे रात्र होती, तो वैतागला, पण तारीख सांगितली: ६ मे.

मग आम्ही भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून डायनिंग टेबलावर पसरलं आणि पेन्सिलीने चौकोन मोजायला बसलो. ६ मेपासून ९० दिवस म्हणजे ४ ऑगस्ट. काकू म्हणाल्या, "पण इथे तर नोव्हेंबर छापलंय." छापलेलंच असतं. नियम असा आहे की स्टडी परमिट छापील तारखेला संपतं किंवा शिक्षण पूर्ण झाल्यावर ९० दिवसांनी संपतं, या दोहोंत जे आधी येईल ते. मुळात परमिट देतानाच कोर्सची लांबी धरून वर साधारण ९० दिवस जोडलेले असतात, त्यामुळे कोर्स वेळेवर संपवणाऱ्याच्या दोन्ही तारखा जवळपास येतात आणि त्याला हा नियम कधी जाणवतच नाही. सापडतो तो लवकर संपवणारा. जास्त अभ्यास केल्याची अशी शिक्षा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग पेन्सिल पुढे नेली. पीजीडब्ल्यूपीचा अर्ज करायला मिळतात १८० दिवस, म्हणजे २ नोव्हेंबरपर्यंत. त्यावर अट अशी की त्या १८० दिवसांत कधी ना कधी स्टडी परमिट जिवंत असलं पाहिजे. काकूंच्या लेकाचं होतंच. म्हणजे २० सप्टेंबरला अर्ज केला असता तरी वर्क परमिटसाठी तो पात्रच होता. पण ४ ऑगस्टनंतर कॅनडात राहायचा हक्कच उरला नसता! एकाच पत्रापासून सुरू होणारी ही दोन घड्याळं आहेत: ९० दिवसांचं घड्याळ तिथे राहण्याचं, १८० दिवसांचं अर्ज करण्याचं. 'सहा महिने आहेत की' म्हणणारा दुसऱ्या घड्याळाकडे बघत असतो आणि पहिलं गुपचूप बंद पडतं.

पहिलं बंद पडलं तरी सगळं बुडत नाही. तिथे कायदेशीर राहण्याचा दर्जा गेल्यापासून ९० दिवसांत तो परत मिळवायचा अर्ज करता येतो, जादा फी भरून. नाहीतर देश सोडून बाहेरून पीजीडब्ल्यूपीचा अर्ज करायचा. मात्र नोकरीच्या बाबतीत फरक मोठा आहे. परमिट जिवंत असताना अर्ज केला, आणि शिकताना कामाच्या तासांची अट पाळलेली असली, तर निकाल येईपर्यंत पूर्णवेळ काम करता येतं. परमिट मेल्यावर अर्ज केला तर ही सवलत नाही. मग घरभाडं चालू, क्रेडिट कार्डाचं बिल चालू आणि पगार बंद.

आणि ६ मे का, समारंभाची तारीख का नाही? आपल्या डोक्यात पदवी म्हणजे झगा, टोपी आणि स्टेजवरचा फोटो. तिथलं इमिग्रेशन खातं बघतं ते कोर्स पूर्ण झाल्याचं कॉलेजने पहिल्यांदा लेखी कधी कळवलं ते: पत्र असो, ट्रान्सक्रिप्ट असो, जे आधी येईल ते. काकूंनी ऑक्टोबरातल्या समारंभासाठी विमानाची तिकिटं बघून ठेवली होती आणि घड्याळ तिथूनच सुरू होतं असं त्यांनी धरलं होतं. पत्र ईमेलमध्ये न उघडता पडून राहिलं म्हणून दिवस थांबत नाहीत.

एक्स्टेंशन खरोखर लागतं अशी एक वेळ मात्र आहे. परमिटची तारीख संपत आली, पण शेवटचे निकाल नाहीत आणि पत्रही नाही. पत्राशिवाय पीजीडब्ल्यूपीचा अर्ज करता येत नाही, तेव्हा आधी मुदत वाढवायची, नाहीतर व्हिजिटर म्हणून राहायला परवानगी मागायची. दुसऱ्या वाटेत काम करता येत नाही, हे एजंट सांगायला विसरतात. 'कुठल्यातरी छोट्या कोर्सला नाव घाला, मुदत वाढेल' असं सांगणाऱ्या एजंटाकडून तर फी परत मागावी. तेवढ्यात पहिल्या कोर्सचे १८० दिवस निघून जातात.

बाकीचं भराभर. १ नोव्हेंबर २०२४ पासून पीजीडब्ल्यूपीला इंग्रजी किंवा फ्रेंचच्या परीक्षेचा निकाल लागतो. पदवीवाल्यांना सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी मोजायची पट्टी) ७, म्हणजे आयईएल्टीएसमध्ये चारही भागांत ६. पण प्रवेशासाठी दिलेली ॲकॅडमिक आयईएल्टीएस इथे चालत नाही, जनरल ट्रेनिंग लागते, आणि निकाल २ वर्षांच्या आतला हवा. कॉलेजच्या डिप्लोमावाल्यांनी, त्यातही स्टडी परमिटचा अर्ज त्या तारखेला किंवा नंतर केलेल्यांनी, आपला विषय पात्र यादीत आहे का ते बघावं. 'अमेरिकेच्या सीमेवर गाडी वळवून परत ये, हातात परमिट मिळतं' हा सीनियरचा सल्ला पीजीडब्ल्यूपीसाठी २१ जून २०२४ पासून बाद आहे. आणि वर्क परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, म्हणून जायच्या आधी पासपोर्टची तारीख बघा. मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची खेप टोरांटोतून कटकट करण्यापेक्षा बरी.

काकूंच्या लेकाने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज केला. जनरल आयईएल्टीएसची तारीख मिळवायलाच त्याचा जून गेला.