गाडी सजवायला आणण्याआधी: आम्ही काय बसवतो, काय बसवत नाही
ग्राहकांसाठी माहितीपत्रक (कार ॲक्सेसरीज आणि फिटिंग, सातारा)

नवी गाडी घेतली, पेढे वाटून झाले, लिंबू-मिरची बांधून झाली, की पुढची फेरी आमच्या दुकानाकडे असते. सीट कव्हर, मॅट, म्युझिक सिस्टीम, आणि मग हळूच प्रश्न येतो, "काका, काचा काळ्या करून मिळतील?" हे पत्रक त्या प्रश्नासाठी आणि त्याच्या भावंडांसाठी छापलं आहे. काउंटरवर रोज तेच बोलून घसा बसतो, आणि तोंडी नकार दिला की गिऱ्हाइकाला तो आमचा आळस वाटतो.

आधी आरसी काढून बघा

तुमच्या आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) इंजिन आणि चासी नंबर, इंधन, रंग, बॉडीचा प्रकार, किती माणसं बसतात, रिकाम्या गाडीचं वजन किती, हे सगळं लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी हे जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने मालकांना थोडी मोकळीक दिली होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे शब्द नीट वाचा. याच कलमात विकणाऱ्यासाठीही जागा ठेवली आहे: सुरक्षेशी थेट संबंध असलेला सुटा भाग नियमात न बसणारा विकला तर एका भागामागे १ लाखापर्यंत. तेव्हा आमचा नकार म्हणजे निव्वळ सज्जनपणा आहे असं कृपया समजू नका.

दुकानात आम्ही दोनच गोष्टी बघतो. आरसीवरचा शब्द बदलतोय का? आणि गाडीबाहेरच्या माणसाला त्याचा त्रास होतोय का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर तुमच्या हौसेला आमच्याकडून अडकाठी नाही. डॅशबोर्डला लाकडी फिनिश द्या, पायाशी निळा दिवा लावा, सीटवर पैठणीचं कापड चढवा (एकदा खरोखर चढवलंय, आणि छान दिसलं), स्पीकर बदला, डॅशकॅम लावा.

काचा

२०१२ सालापर्यंत आम्हीही काळ्या फिल्म विकत होतो, लपवत नाही. त्या वर्षी २७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पुढचे काही आठवडे आम्ही आम्हीच चिकटवलेल्या फिल्म ब्लेडने खरवडत होतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० म्हणतो, पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २०१२ च्या निकालाने एवढा प्रकाश सोडणारी फिल्मसुद्धा बंद केली होती. नंतर नियमच बदलला: १ एप्रिल २०२१ पासून भारतीय मानकात बसणारी, प्लास्टिकचा थर असलेली सुरक्षा काचही नियमात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला, की ७० आणि ५० ची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल. पण तो निकाल केरळचा. आपल्या नाक्यावरच्या हवालदारांना २०१२ चा निकाल तोंडपाठ असतो, म्हणून फिल्मची पावती आणि मानकाचा शिक्का असलेलं कागद गाडीत ठेवा.

गिऱ्हाईक नेहमी फसतं ते हिशोबात. डब्यावर "७० टक्के" लिहिलेली फिल्म पुढच्या काचेला लावली म्हणजे नियम पाळला, असं वाटतं. पण कंपनीची काच स्वतःच थोडा प्रकाश अडवते. समजा काच ८० टक्के सोडते. त्यावर ७० ची फिल्म आली की आत येतो ८० चे ७० टक्के, म्हणजे ५६. बाजूच्या काचेला चाललं, पुढच्या काचेला नापास. पुढे ९० ची फिल्म लावली तर ७२ वर कसंबसं पास. म्हणून आम्ही आधी तुमची काच मीटरने मोजतो, मग फिल्म दाखवतो. आणि उन्हाचा ताप काळ्या रंगानेच कमी होतो असं नाही. उष्णतेचे किरण अडवणाऱ्या जवळजवळ पारदर्शक फिल्म मिळतात. महाग असतात, हे खरं.

दिवे: इथे आम्ही सगळ्यात जास्त भांडतो

खंबाटकी घाटात रात्री समोरून पांढराफटक झोत आला की दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. बाकीचं गणित तुम्ही करा.

अनेक गाड्यांच्या हेडलाइटमध्ये एच-४ हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॉटचा. त्याच्या आत दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिप्परची. डिप्परच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. ती खालचा प्रकाश अडवते, म्हणून झोत रस्त्यावर राहतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. बल्बमागचा आरसा त्या तारेची जागा धरूनच घडवलेला असतो. तिथे बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब खुपसला की प्रकाशाची जागाच हलते आणि झोत फुटतो. तुम्हाला बोनेटपुढे लख्ख दिसतं आणि वाटतं, वा, काय उजेड! लांबचा रस्ता मात्र पूर्वीपेक्षा अंधारात गेलेला असतो, आणि समोरचा शिव्या देत असतो. ज्या गाडीला कंपनीचाच एलईडी दिवा आहे तिची गोष्ट वेगळी, तिथे पूर्ण दिवाच एलईडीसाठी घडवलेला असतो.

१००/९० वॉटचा बल्ब हा जुना आजार. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात, १०० वॉटचे दोन जवळपास १७. वायर तीच, स्विच तोच. आधी स्विच गरम होतो, मग प्लास्टिकचा वास येतो, मग आरशाचा मुलामा काळवंडतो. आम्ही हे बल्ब ठेवतच नाही.

उजेड खरोखर कमी वाटत असेल तर आधी काच बघा. हेडलाइटची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडते, ती घासून पॉलिश केली की बहुतेक वेळा तक्रार तिथेच मिटते. मग दिव्याची दिशा तपासतो. पुष्कळ गाड्यांत स्टीअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा दिवे खाली आणायला ती असते. दहा-दहा वर्षं गाडी चालवणाऱ्यांनी ती आमच्याकडे पहिल्यांदा फिरवली आहे.

महाबळेश्वर, कास, पाचगणी पावसाळ्यात नियमित करणाऱ्यांना फॉग लॅम्प जरूर बसवून देऊ. बंपरमध्ये खाली, पिवळे किंवा पांढरे, फ्यूज आणि रिले लावून. धुक्यात उजेड वर असला की तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो, म्हणून दिवे खाली. टपावरचा एलईडी बार मात्र मागू नका. नियम १११ प्रमाणे पुढे स्पॉटलाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, तीही अपवाद म्हणून. लाल-निळे लुकलुकते दिवे तर आमदारसाहेबांच्या गाडीवरही नाहीत. १ मे २०१७ पासून लाल दिवा उतरला आहे.

बंपर गार्ड

वडीलधारे गिऱ्हाईक हमखास मागतात. "आमच्या वेळी जीपला असायचं, काय बिघडलं?" बिघडलं ते गाडीत. आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपणारा केलेला असतो. तो चेपताना धक्का खातो, म्हणून तुमच्यापर्यंत कमी पोहोचतो. एअरबॅग कधी उघडायची, हेही गाडीचा वेग किती झटकन कमी झाला यावर ठरतं. चासीला बोल्टने आवळलेलं लोखंड मध्ये आलं की धक्क्याची चाल बदलते आणि एअरबॅगचा अंदाज चुकू शकतो. पायी चालणारा माणूस समोर आला तर बंपरच्या प्लास्टिकऐवजी त्याला पाइप लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड काढायला लावण्यास सांगितलं. आमच्याकडे ते काढण्याचं काम फुकट होतं.

टायर आणि मॅगव्हील

मॅगव्हील जरूर बसवा, पण टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या जवळ ठेवा. टायरवरच्या मापात आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग रुंदीच्या किती टक्के उंची, मग चाकाचे इंच असतात; १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. त्याजागी १९५/६० आर १६ बसवला तर ६४०.४, म्हणजे ३ टक्के जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ वर असेल, आणि एक्सप्रेसवेचा कॅमेरा तुमचा मीटर बघत नाही. २०५/५५ आर १६ घेतला तर फरक पावणेदोन टक्क्यांवर येतो, पण रुंदी वाढल्याने स्टीअरिंग पूर्ण वळवून तो कुठे घासतो का, हे बघावं लागतं. टायरवरचा भाराचा आकडाही मूळपेक्षा कमी नको. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. चार टायरना मिळून २४० किलोचा फरक पडतो. बाहेर डोकावणारे रुंद टायर आम्ही बसवत नाही. पावसात ते मागच्या दुचाकीवाल्याला आंघोळ घालतात.

सीट कव्हर, गणपती आणि ती क्लिप

तुमच्या सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल शिवलेलं असेल तर साधं कव्हर चालत नाही. त्या जागी कच्ची शिवण असलेलं कव्हर लागतं, म्हणजे एअरबॅग शिवण फाडून बाहेर येते. दीडशे रुपये वाचवायला घट्ट कव्हर घालून घेऊ नका.

डॅशबोर्डवरच्या बाप्पांबद्दल बोलायला जीभ रेटत नाही, पण बोलतो. डाव्या सीटसमोर जिथे एअरबॅग लिहिलंय त्या झाकणावर मूर्ती चिकटवू नका. एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी उघडते, आणि वर जे असेल ते घेऊन बसलेल्याच्या तोंडावर येते. बाप्पांना मधोमध बसवा, तिथे त्यांनाही समोरचा रस्ता नीट दिसेल.

सीटबेल्टची पिपाणी बंद करायची क्लिप आमच्याकडे मिळणार नाही, कितीही वेळा विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या सीटवरचे दोघे गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. पुढच्याच वर्षी केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या क्लिपा ऑनलाइन विकण्यावर कारवाई केली आणि १३ हजारांहून जास्त जाहिराती उतरवल्या गेल्या. मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा आहे, आणि तो सीट कव्हरखाली गाडला गेला असेल तर आम्ही तो वर काढून देतो.

नंबर प्लेट

८०५५ चं "बॉस" किंवा २१४ चं "राम" करून मिळणार नाही. उच्च सुरक्षा नंबर प्लेट अधिकृत केंद्रातच बसते. तिच्यावर स्टिकर, धूसर प्लास्टिक, काहीही चढवून देत नाही.

परवानगीने होणारी कामं

रंग बदलायचा असेल, पूर्ण गाडीवर वेगळ्या रंगाचं रॅप (चिकटणाऱ्या फिल्मचं आवरण) करायचं असेल, तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद. पुढच्या टोकाला छोटा पट्टा किंवा टपाला काळा रंग, यावर अधिकाऱ्यांची मतं वेगवेगळी निघतात. आमचा सल्ला, विचारूनच करा. परवानगीने केलेला बदल १४ दिवसांच्या आत कळवायचा असतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमतीही जोडावी लागते.

सीएनजी किट आम्ही बसवत नाही. ते मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटर आणि आरसीवर नोंद यांचं काम आहे. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो, दर तीन वर्षांनी त्याची चाचणी करावी लागते. जुन्या गाडीला मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट बसवण्याची वाटही कायद्यात आहे.

आणि एक काम आम्हाला मनापासून करायला आवडतं. पाय अधू असलेल्या व्यक्तीला हाताने क्लच-ब्रेक चालवता येतील असा बदल कायद्याने मान्य केला आहे, २०१९ च्या दुरुस्तीत अशा गाडीची वेगळी व्याख्याच आहे. त्याचे कागद कसे करायचे ते बसून समजावतो, सल्ल्याचे पैसे घेत नाही.

विमा आणि पावती

काहीही बसवलं की विमा कंपनीला कळवा. म्युझिक सिस्टीमसारख्या महागड्या वस्तू पॉलिसीत लिहिलेल्या नसतील तर त्यांची भरपाई मागता येत नाही. सीएनजी न कळवता चालवणाऱ्यांचे दावे अडकतात. उलट, पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं आणि ते बसवल्याचा ऑटोमोबाइल असोसिएशनचा दाखला असेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सूट मिळते. "पावती नको, तेवढे कमी करा" म्हणणाऱ्यांना आम्ही हसून पावतीच देतो. वायरिंगच्या कामात मूळ वायर कापत नाही, कंपनीच्या सॉकेटला जोडतो. कोणती वायर कुठून नेली, हे पावतीच्या मागे लिहून ठेवतो, पुढच्या मेकॅनिकला उपयोगी पडतं.

कामाला येताना आरसी, विम्याची पॉलिसी आणि गाडीचं माहितीपुस्तक सोबत आणा. टपावर कॅरिअर बसवायचा असेल तर टपावर किती वजन चालतं ते त्या पुस्तकातच असतं. फिल्मचं काम सकाळी घेतो, धूळ कमी असते. लावल्यावर दोन-तीन दिवस काचा खाली करू नका, म्हणजे कडा सुटत नाहीत.