सायकलीचे रात्रीचे दिवे (मराठवाडा)

सूर्यास्तानंतर सायकल चालवताना पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा लावण्याची पद्धत, आणि ती रुजावी म्हणून केले जाणारे प्रबोधन, मदत व कायदेशीर सक्ती, यांचा मराठवाड्यापुरता विचार या नोंदीत केला आहे. सायकलीचा दिवा दोन कामे करतो : चालकाला रस्ता दाखवतो आणि इतरांना चालक दाखवतो. शहरात खांबावरचे दिवे असतात आणि खेड्यातल्या माणसाला रोजच्या वाटेवरचा खड्डा न् खड्डा पाठ असतो, त्यामुळे पहिल्या कामासाठी दिव्याची गरज भासत नाही आणि ‘मला तर दिसतंय’ एवढ्यावर विषय संपतो. माणसाचा जीव मात्र बहुधा दुसऱ्या कामावर अवलंबून असतो, आणि त्यासाठी पुढच्या दिव्यापेक्षा मागचा तांबडा दिवा अधिक मोलाचा आहे.

मोटारसायकल घरोघरी आल्यानंतर मराठवाड्याच्या रस्त्यांवरून सायकल बरीच हटली. पण रात्री आणि पहाटे ती चालवणारे अजूनही आहेत, आणि ते बहुतेक कष्टकरी आहेत. शेतीपंपांना थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच्या पाळीत मिळते, तेव्हा मोटार चालू करायला आणि पाण्याची दारे धरायला शेतकरी एका हातात हँडल व दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन शिवाराकडे निघतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत पाळी सुटल्यावर कंत्राटी कामगार आणि रखवालदार सायकलने खोलीवर परततात. पहाटे बसस्थानकावर गठ्ठे उचलणारा वर्तमानपत्र विक्रेता, कॅरिअरला किटल्या अडकवलेला दूधवाला आणि लातुरात शिकवणीवर्गाला जाणारी मुले-मुली याच वर्गात मोडतात. डिसेंबरात संभाजीनगरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, नांदेडला त्याच्याही काही मिनिटे आधी. जानेवारीत तो सातच्या आसपास उगवतो. म्हणजे संध्याकाळी सहाला सुटणारा मजूर आणि सकाळी सहाच्या शिकवणीला निघालेली मुलगी दोघेही अंधारातच रस्त्यावर असतात. उसाचा गळीत हंगाम याच महिन्यांत ऐन भरात असतो, आणि रस्त्यावर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, बैलगाड्या व मालमोटारी यांची वर्दळ रात्रभर चालते. तुळजापूर, धाराशिव, बीड, संभाजीनगर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ किंवा तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूरमार्गे नांदेडकडे जाणारा ३६१ रुंद झाल्यामुळे वाहनांचा वेग वाढला. गावातून शेताकडे जायची वाट मात्र अनेक ठिकाणी अजून याच रस्त्यांवरून किंवा त्यांना ओलांडून जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत सायकलस्वार सुमारे तीन टक्के होते. टक्केवारी लहान दिसते, पण तिच्यामागे चार हजारांहून अधिक माणसे आहेत.

अंधारातली सायकल वेळेत का दिसत नाही, हे साध्या हिशेबाने कळते. ताशी ८० किमी. वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर जोरात ब्रेक लावूनही ती थांबेपर्यंत आणखी जवळजवळ ४० मीटर जातात. एकूण सत्तर मीटरांच्या वर. गडद कपड्यांतला माणूस मात्र डिप्परच्या उजेडात याच्या निम्म्या अंतरावरही नीट ओळखू येत नाही. दुपदरी रस्त्यावर समोरून अप्पर लावून गाडी आली, तर डोळे दिपून तेवढाही अवधी उरत नाही; सायकलस्वार त्या झोताच्या कडेला असतो, आणि दिपलेल्या डोळ्याला नेमकी तीच जागा काळी दिसते. अशा वेळी मागे लावलेला लहानसा तांबडा दिवादेखील काही शे मीटरांवरून कळतो आणि चालकाला विचार करायला पुरेसा वेळ देतो. रंगांची विभागणी यासाठीच पाळायची असते : तांबडा दिसला तर पुढचे वाहन आपल्याच दिशेने चालले आहे, पांढरा दिसला तर ते समोरून येत आहे, हे चालकाला न सांगता समजते. हौसेने पुढे तांबडा लुकलुकता दिवा बसवणारे ही खूण पुसून टाकतात.

परावर्तक, म्हणजे बोलीत ‘रेडियम’, हा दिव्याचा सोबती आहे. त्याची जागा घेणारा नव्हे. या रेडियमचा किरणोत्सारी मूलद्रव्याशी संबंध नाही. प्लास्टिकच्या परावर्तकात परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन पृष्ठभागांचे असंख्य बारीक कोपरे असतात, आणि अशा कोपऱ्यात शिरलेला प्रकाशकिरण जिकडून आला तिकडेच परत फिरतो. म्हणून गाडीचा झोत पडताच शंभर मीटरांहूनही लांबून तो चमकतो, तेल-बॅटरी काही मागत नाही आणि बिघडतही नाही. पायडलवरचे परावर्तक खाली-वर होतात, त्यामुळे ‘ही सायकल आहे’ हे चालकाच्या चटकन ध्यानात येते. पण झोत पडला नाही तर परावर्तक मुका असतो. आडव्या फाट्यावरून वळणाऱ्या गाडीचा उजेड सायकलवर शेवटच्या क्षणापर्यंत पडत नाही. एकच दिवा जळणाऱ्या ट्रॅक्टरसमोर त्याचा उपयोग कमी होतो आणि दिवाच नसलेल्या बैलगाडीसमोर तो मुळीच नसतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डवर बसला की परावर्तक तर झाकलाच जातो.

दिव्याचा इतिहास रॉकेलच्या कंदिलापासून सुरू होतो. त्यानंतर कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी थेंबथेंब सोडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळतो. मराठवाड्यातील प्रौढ पिढीच्या आठवणीत आहे तो डायनामो. बाटलीच्या आकाराचे हे लहान जनित्र चिमट्याला बसवलेले असे आणि खटका दाबला की त्याची चाकी टायरच्या कडेला टेकून फिरू लागे. आतले चुंबक फिरून वीज निर्माण होई. साधारण ६ व्होल्ट व ३ वॉट एवढी ती असे; त्यांतले २.४ वॉट पुढच्या आणि ०.६ वॉट मागच्या दिव्याला मिळत. तार एकच असे, परतीचा मार्ग सायकलीच्या लोखंडी सांगाड्यातून. डायनामोचा मोठा गुण असा की सेल विकत घ्यावे लागत नसत. दोष दोन होते : पायडल जड होई, आणि सायकल थांबताच दिवा विझे, म्हणजे रेल्वे फाटकाशी किंवा रस्ता ओलांडायला उभे असताना, धोका सर्वांत जास्त असतानाच, माणूस अंधारात बुडे. चढावर वेग मंदावला की उजेडही पिवळा पडे. एलईडी दिवे स्वस्त झाल्यावर डायनामो मागे पडला. एलईडीला वीज फारच कमी लागते. बटनसेलवर किंवा मोबाइलच्या चार्जरवर भारून घेतलेल्या विजेवर तो अनेक रात्री चालतो आणि सायकल उभी असतानाही जळत राहतो. आज मात्र बहुतेक सायकलस्वार मोबाइलचाच दिवा लावून तो शर्टच्या खिशात ठेवतात किंवा हातात धरतात. त्याने पुढची वाट दिसते, पाठीमागे मात्र काहीच नसते. हँडलवर एकच हात राहतो, ते वेगळेच.

कायद्याची बाजू समजून घेण्याजोगी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वाहनांना लागू होतो, त्यामुळे साधी सायकल त्यात येत नाही आणि त्यातील दंडांची यादी सायकलस्वाराला लागत नाही. महाराष्ट्रात सायकलीवर नियंत्रणाचा अधिकार येतो तो पोलीस कायद्यातून. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत सायकलीचा स्पष्ट समावेश करतो, आणि त्याच्या कलम ३३ नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी आपापल्या हद्दीत वाहतुकीचे नियम करू शकतात. वाहनांवर किती दिवे, कोठे आणि कोणत्या वेळात लावावेत हे ठरवणेही त्या अधिकारात येते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि त्या वर्षी द्विभाषिक मुंबई राज्यात आला, त्यानंतर हा कायदा येथे आला. मराठवाड्यात पोलीस आयुक्तालय एकट्या छत्रपती संभाजीनगरात असल्यामुळे उर्वरित भागात हा विषय जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कक्षेत राहतो.

दुसरा मार्ग उत्पादकांवरच्या सक्तीचा आहे. सायकलीवर बसवायच्या परावर्तकांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किमी.पेक्षा कमी वेगाच्या, पायडलच्या जोडीने चालणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलीला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट देतात, पण पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक असलाच पाहिजे या अटीवर. विकतानाच वस्तू सायकलीवर असली की गरिबाला वेगळा खर्च पडत नाही आणि पोलिसाला त्याच्यामागे लागावे लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते परावर्तकांइतकीच सक्ती मागच्या दिव्याची व्हायला हवी. ब्रिटनमध्ये १९८९ च्या नियमांनी सूर्यास्त ते सूर्योदय या काळात पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा, मागे तांबडा परावर्तक आणि पायडलवर पिवळसर परावर्तक बंधनकारक केले, आणि २००५ पासून लुकलुकत्या दिव्यांनाही मान्यता दिली. जर्मनीत तर २०१३ पर्यंत डायनामोच लागे. त्यानंतर बॅटरीचे दिवे चालू लागले.

महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका एकेकाळी सायकलीवर वार्षिक कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. त्या काळात बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे चौकातल्या पोलिसाने अडवण्याचे दोन ठरलेले गुन्हे होते. चाकातली हवा सोडून देणे ही बिनपावतीची शिक्षा होती. बिल्ले गेले, मोटारी वाढल्या आणि सायकलीकडे पाहायला पोलिसाला वेळ राहिला नाही. ती जुनी सक्ती परत आणावी असे मात्र म्हणता येत नाही. दिवसाच्या रोजावर जगणाऱ्या माणसाला दिव्याच्या किमतीहून मोठा दंड केला, तर त्याच्याजवळचे दिव्याचे पैसेच संपतात, आणि तो त्याच अंधारात घरी जातो. इंग्लंडमधील केंब्रिजच्या पोलिसांनी यावर एक चांगली तोड काढली : बिनदिव्याचा सायकलस्वार पकडला की दंडाची चिठ्ठी द्यायची, पण ठरावीक दिवसांत त्याने दिवे विकत घेतल्याचे दाखवले तर दंड माफ करायचा. मराठवाड्यात एवढेही पुरत नाही. येथे अडवणाऱ्या पोलिसाच्या हातातच दिवा असला पाहिजे आणि तो तेथल्या तेथे सायकलीला बांधला गेला पाहिजे.

असे होऊ शकते, याचा दाखला येथेच आहे. रस्ता सुरक्षा अभियान जानेवारीत येते, २०२१ साली ते प्रथमच महिनाभराचे झाले, आणि ते गळीत हंगामात येत असल्याने परिवहन अधिकारी, पोलीस व साखर कारखाने मिळून ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या व बैलगाड्यांना रेडियम पट्ट्या चिकटवतात. कारखान्याच्या गव्हाणीसमोर गाड्यांची रांग लागलेलीच असते, त्यामुळे एका फेरीत शेकडो गाड्या हाती लागतात. सायकलस्वारांच्या बाबतीत अशी जागा म्हणजे कंपनीचे फाटक, दूध संकलन केंद्र, वर्तमानपत्र वाटपाचा पहाटेचा अड्डा आणि शाळा. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. त्यातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. हजारो मुलींची शाळा या सायकलींमुळे सुटली नाही. कुलूप, कॅरिअर व मडगार्ड यांच्याबरोबर मागचा दिवा त्याच अनुदानात धरला, तर जादा तासाहून परतणाऱ्या मुलीची काळजी घरी थोडी कमी होईल.

दिव्याने खरेच फरक पडतो का, याची पारख डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात झाली आहे. तेथे ३,८४५ सायकलस्वारांपैकी काहींच्या सायकलींना चाकावरील चुंबकाने जळणारे, दिवसरात्र चालू राहणारे दिवे बसवले आणि उरलेल्यांच्या सायकली आहेत तशाच ठेवल्या. वर्षभरात दिवे असलेल्यांना इजा होण्याजोगे अपघात १९ टक्क्यांनी कमी झाले. ही नोंद सहभागी लोकांनी स्वतः कळवलेल्या माहितीवर आधारलेली होती, हे लक्षात ठेवावे लागते. तेथे दिवा चालू करायची आठवण ठेवावी लागत नव्हती, ही गोष्टही महत्त्वाची आहे.

अपघातानंतर भरपाईच्या दाव्यात सायकलीला दिवा नव्हता हा मुद्दा समोरच्या बाजूकडून मांडला जातो, आणि सायकलस्वाराचाही निष्काळजीपणा ठरला तर रक्कम कमी होऊ शकते. पण दिवा नसणे म्हणजे धडक देण्याची मुभा नव्हे. आपल्या झोतात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल अशाच वेगाने गाडी हाकणे, ही मोटारचालकाची जबाबदारी कोणत्याही परिस्थितीत राहते.

दिवा कोठे बसवावा, याबाबत मराठवाड्यातील वापर पाहता एक सूचना आवश्यक ठरते. कारखान्यातून येणारा दिवा बहुधा सीटच्या नळीला बसवण्यासाठी केलेला असतो. येथल्या सायकलीच्या कॅरिअरवर मात्र कडब्याची पेंढी, चाऱ्याचे ओझे, दुधाच्या किटल्या किंवा मागे बसलेले माणूस असते, आणि सीटखालचा दिवा त्याने पूर्ण झाकला जातो. म्हणून तो मागच्या मडगार्डच्या टोकाला किंवा कॅरिअरच्या मागच्या कडेला, ओझ्याच्या खालून दिसेल असा बसवावा. ओझे खालपर्यंत लोंबत असेल, तर क्लिपचा दिवा ओझ्यालाच लावावा. पुढच्या दिव्याचा झोत रस्त्याकडे किंचित खाली झुकलेला ठेवावा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. रोज निघण्यापूर्वी काचेवरचा चिखल फडक्याने पुसावा.