हसण्यावारी नेलेली काठी

मे २०२४ मध्ये जपानच्या किरिन कंपनीने एक चमचा विकायला काढला. वजन ६० ग्रॅम, दांड्यात बॅटरी आणि किंमत १९,८०० येन. या चमच्यातून अगदी सौम्य वीज जिभेपर्यंत जाते आणि कमी मिठाचं सूप खारट लागायला लागतं. पहिल्या खेपेला ऑनलाइन विक्रीसाठी ठेवले होते जेमतेम २०० चमचे. बातमी आमच्या घरात वाचली गेली तेव्हा सगळे खळखळून हसले. "त्यापेक्षा चिमूटभर मीठ घाला की," असंही कुणीतरी म्हणालं.

मला मात्र त्या क्षणी एक काठी आठवली. चाळीस वर्षांपूर्वी तिच्याकडे लोकांनी पाठ फिरवली, पुढे ती विचित्र वस्तूंच्या संग्रहात जाऊन बसली, आणि काही वर्षांनी लोणावळ्यापासून लंडनपर्यंत प्रत्येक फेरीवाल्याच्या खांद्यावर तिच्या जुड्या दिसू लागल्या. ती म्हणजे सेल्फी स्टिक. वस्तू चमत्कारिक आहे की कामाची, हे पुष्कळदा ती वस्तू नाही, तो काळ ठरवतो, असं माझं मत या काठीमुळे झालं आहे.

ही काठी ज्या अडचणीतून निघाली ती अडचण आपल्याही घराघरात होती. आमच्या जुन्या अल्बममध्ये माझे मोठे काका जवळजवळ नाहीतच. घरात अग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा आला तो त्यांच्यामुळे. एका रोलमध्ये १२ फोटो, त्यामुळे प्रत्येक खटका मोजून मापून दाबायचा. मुंज असो, पन्हाळ्याची सहल असो की आत्याचं डोहाळजेवण, काका सगळीकडे होते, पण कॅमेऱ्यामागे. एकाच फोटोत ते सापडतात, तेही सावली म्हणून. मागून मावळतीचं ऊन पडलेलं, आणि आजीच्या लुगड्याच्या काठापर्यंत पोहोचलेली एक लांब सावली : एक डोकं आणि डोळ्याशी कॅमेरा धरलेले दोन कोपर. फोटो काढणारा फोटोत नसतो, हे त्या काळात सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं.

सगळ्यांनी म्हणजे, अगदी सगळ्यांनी नव्हे. इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या एका जोडप्याचा १९२०च्या दशकातला फोटो आता प्रसिद्ध झाला आहे. त्यात नवरा एक लांब दांडा हातात धरून उभा आहे आणि दांड्याचं टोक कॅमेऱ्याकडे गेलेलं दिसतं. घरच्या घरी केलेली युक्ती होती ती, आणि ती त्यांच्या कुटुंबाच्या अल्बममध्येच राहिली.

काठीला वस्तूचं रूप दिलं ते हिरोशी उएदा यांनी. मिनोल्टा या कॅमेरा कंपनीत ते अभियंता होते आणि सुट्टीत स्वतःही भरपूर फोटो काढायचे. बायकोबरोबर युरोपात फिरताना दोघांचा एकत्र फोटो हवा असला, की कुणाला तरी विनंती करावी लागे. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालयापाशी त्यांनी एका मुलाच्या हातात कॅमेरा दिला, आणि तो मुलगा कॅमेरा घेऊन पळून गेला. टायमर तेव्हाही होता. पण टायमरसाठी कॅमेरा ठेवायला बरोबर त्या उंचीचा कठडा सापडायला हवा, मग बटण दाबून पळत जागेवर यायचं आणि चेहऱ्यावर हसू आणायचं. ज्यांनी हे केलं आहे त्यांना त्या फोटोतले दमलेले चेहरे आठवत असतील.

उएदांनी युजिरो मिमा यांच्याबरोबर एक उपाय तयार केला : छत्रीच्या दांड्यासारखी आत-बाहेर सरकणारी काठी आणि तिच्या टोकाला छोटा कॅमेरा बसवायचा स्क्रू. १९८३ साली मिनोल्टाने बाजारात आणलेल्या 'डिस्क-७' या कॅमेऱ्याशी तिची जोडी जमवली होती. त्या कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला, भिंगाशेजारी, नखाएवढा फुगीर आरसा होता. काठी लांब करून कॅमेरा आपल्याकडे वळवला, की त्या आरशात आपण चौकटीत आहोत की नाही हे बघता येई. आज मोबाइलचा पडदा जे काम करतो तेच काम तो इवलासा आरसा करत होता. त्या आरशाचं मला फार कौतुक वाटतं, कारण खरी कल्पना काठीत नव्हतीच. आपला फोटो आपण काढताना आपण स्वतःला दिसलो पाहिजे, ही खरी कल्पना. अमेरिकेचं पेटंट १९८५ मध्ये मिळालं.

आणि काठी चालली नाही. कारणं दोन. पहिलं तांत्रिक. डिस्क कॅमेरा हा कोडॅकने १९८२ मध्ये आणलेला प्रकार. त्यात फिल्मचा गुंडाळलेला रोल नसे, १५ फोटोंची एक चपटी फिरणारी तबकडी असे. कॅमेरा त्यामुळे सुटसुटीत झाला, पण प्रत्येक निगेटिव्ह जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट त्याच्या दहापट मोठी असते. एवढ्याशा निगेटिव्हवरून फोटो मोठा केला की चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखे कण दिसायचे. दशक संपता संपता हा सगळा प्रकारच मागे पडला आणि त्याच्याबरोबर काठीही.

दुसरं कारण माणसांचं. कंपनीने घेतलेल्या चाचणीत बायकांना आपला फोटो आपणच काढायची लाज वाटली, असं उएदांनी पुढे बीबीसीला सांगितलं. मला हे कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. फोटो हा दुसऱ्याने काढायचा, आपण पदर सावरून उभं राहायचं, अशी रीत होती. स्वतःवर कॅमेरा रोखणं म्हणजे मिरवणं. वस्तू तयार होती, पण तिला लागणारी सवय अजून जन्मायची होती. नव्या वस्तूंच्या इतिहासात ही अडचण वारंवार दिसते. १९७९ मध्ये सोनीने पहिला वॉकमन आणला तेव्हा एकट्यानेच गाणी ऐकणं इतरांना उद्धटपणाचं वाटेल, अशी शंका कंपनीतच होती. म्हणून त्या पहिल्या यंत्राला हेडफोनच्या दोन खाचा ठेवल्या होत्या, शिवाय गाणं हळू करून एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक केशरी बटण. लोक एकट्याने ऐकायला सरावले, मग ते बटण गेलं.

आता काठीचा मुक्काम येतो एका वेगळ्याच गावात. केन्जी कावाकामी हे जपानी गृहस्थ १९८०च्या दशकात एका टपालाने माल मागवायच्या मासिकाचे संपादक होते. शहरातल्या दुकानांपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठी ते मासिक निघे. शेवटची काही पानं रिकामी उरली, तेव्हा कावाकामींनी तिथे स्वतः घडवलेल्या वस्तूंचे फोटो छापले. त्या विकत मिळणार नव्हत्या. एक होता सूर्यप्रकाशावर चालणारा टॉर्च. दुसरा होता डोळ्यांत औषधाचे थेंब अचूक पडावेत म्हणून चष्म्याच्या काचांवर बसवलेली दोन नरसाळी. वाचकांना ती पानं इतकी आवडली की हा कावाकामींचा कायमचा उद्योग झाला. त्यांनी या वस्तूंना नाव दिलं 'चिंदोगू'. 'चिन' म्हणजे विचित्र, क्वचित दिसणारं, आणि 'दोगू' म्हणजे हत्यार, अवजार.

पुढे त्यात भर पडत गेली. गोंदाच्या कांडीसारखी फिरवून पावावर घासायची लोण्याची कांडी. गरम नूडल्स फुंकर न घालता निवाव्यात म्हणून चॉपस्टिकला लावलेला छोटा पंखा. पावसात बूट भिजू नयेत म्हणून बुटांच्या टोकाला बसवलेल्या इवल्या छत्र्या. रांगणाऱ्या बाळाच्या कपड्यांना पोछा शिवलेला, म्हणजे बाळ घरभर फिरलं की फरशी पुसून निघते. यातली प्रत्येक वस्तू एक खरी अडचण सोडवते, पण वापरायला गेलं की दुसरी, मोठी अडचण उभी राहते. उपयोगी नाही, पण निरुपयोगीही म्हणता येत नाही, अशी ती मधली जागा.

कावाकामींनी चिंदोगूचे दहा नियमही घालून दिले आहेत आणि ते मनापासून वाचण्यासारखे आहेत. वस्तू प्रत्यक्ष बनवलेली हवी, नुसतं चित्र चालणार नाही. ती रोजच्या जगण्यातली हवी. केवळ हसवणं हा तिचा हेतू नसावा. ती विकायची नाही. तिचं पेटंट घ्यायचं नाही. विद्यार्थिदशेत कावाकामी १९६०च्या दशकातल्या डाव्या चळवळीत होते, आणि विकण्यासाठीच वस्तू निर्माण करणाऱ्या जगाविषयीचा त्यांचा राग या नियमांत स्पष्ट दिसतो. कुणी यांना फक्त गमतीच्या वस्तू म्हटलं की मला वाईट वाटतं. बाजाराचा विचार बाजूला ठेवून अडचणीकडे बघायची ती एक शिस्त आहे.

१९९५ मध्ये चिंदोगूंचा एक इंग्रजी संग्रह निघाला आणि जगभर गाजला. त्यात, बुटांच्या छत्र्यांच्या पंगतीत, काठीच्या टोकाला कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढणारी व्यक्तीही होती. नियमावर बोट ठेवायचं तर तिला तिथे जागाच नव्हती. हीच वस्तू मिनोल्टाने आधी पेटंट घेऊन विकायला काढली होती. पण बारा वर्षांत ती इतकी विस्मरणात गेली होती की त्या पंगतीत ती शोभून दिसली.

आणि नेमक्या त्याच वर्षी, जुलै १९९५ मध्ये, जपानमध्ये 'पुरिकुरा' यंत्रं आली. 'प्रिंट क्लब' या नावाचा तो लाडका अपभ्रंश. पडदा लावलेल्या छोट्या खोलीत जायचं, मैत्रिणींनी दाटीवाटीने उभं राहायचं, पडद्यावर स्वतःला बघत बटण दाबायचं, की फोटोंचे छोटे स्टिकर बाहेर येतात. ही कल्पना अॅटलस कंपनीतल्या मिहो सासाकी यांची. वरिष्ठांनी ती आधी नाकारली होती, मग सेगा या व्हिडिओ गेम कंपनीच्या साथीने ती बाजारात आली आणि शाळकरी मुलींनी यंत्रांसमोर रांगा लावल्या. दशकभरापूर्वी चाचणीत ज्याची लाज वाटली होती, तेच आता मैत्रीचं लक्षण झालं. १९९९ मध्ये क्योसेराने पुढच्या बाजूला कॅमेरा असलेला मोबाइल जपानमध्ये विकायला आणला. उएदांचा आरसा परत आला होता, फक्त आता तो विजेवर चालत होता.

२००३ मध्ये उएदांच्या पेटंटची मुदत संपली. त्याच सुमारास कॅनडातले वेन फ्रॉम यांनी स्वतंत्रपणे तीच वस्तू पुन्हा घडवली. तेही लेकीबरोबर युरोपात फिरत होते, आणि फ्लॉरेन्समध्ये अनोळखी माणसाच्या हातात कॅमेरा द्यायला त्यांना नको वाटत होतं. म्हणजे अडचण तीच, खंडही तोच. त्यांच्या काठीचं नाव 'क्विक पॉड'.

पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २०१० मध्ये आयफोनला पुढचा कॅमेरा आला, २०११ मध्ये त्याच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढायची सोय झाली. याचा काठीला मोठा फायदा झाला. मुठीतल्या बटणाची वायर हेडफोनच्या खाचेत खोचली, की फोनला वाटतं हेडफोनवरचं आवाजाचं बटण दाबलं, आणि फोटो निघतो. बॅटरी नाही, काही नाही. त्यामुळेच ती शे-दोनशे रुपयांत रस्त्यावर मिळू शकली. २०१३ मध्ये ऑक्सफर्डने 'सेल्फी' हा वर्षाचा शब्द ठरवला आणि २०१४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने काठीला वर्षातल्या उत्तम शोधांच्या यादीत बसवलं. पहिल्या पेटंटनंतर जवळजवळ तीस वर्षांनी!

मग बंदी आली. दक्षिण कोरियाने नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रमाणपत्राशिवाय ब्लूटूथ काठ्या विकणाऱ्यांना ३ कोटी वॉनपर्यंत दंड जाहीर केला. २०१५ मध्ये न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय, वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संग्रहालयं, लंडनची नॅशनल गॅलरी आणि डिस्नेची उद्यानं यांनी काठी दाराबाहेर ठेवायला लावली. आपल्याकडे प्रश्न काठीपुरता नव्हता, सेल्फीचाच होता. २०१५च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात काही जागी सेल्फीला मनाई होती, आणि जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात पडून बुडाल्यावर मुंबई पोलिसांनी शहरातल्या धोक्याच्या जागा निवडून तिथे सेल्फीबंदी केली. ती गरजेचीच होती.

उएदांनी या सगळ्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. त्यांच्या नावावर सुमारे ३०० पेटंट आहेत, काठी त्यातली एक. कल्पना वेळेआधी सुचली, एवढंच त्यांचं म्हणणं.

चमच्याचाही प्रवास याच वाटेवर आहे. त्याच्या मुळाशी मेइजी विद्यापीठातले होमेई मियाशिता यांचं काम आहे. चॉपस्टिक आणि स्ट्रॉमधून वीज सोडून चव बदलता येते, असा शोधनिबंध त्यांनी आणि हिरोमी नाकामुरा यांनी २०११ मध्ये मांडला. १२ वर्षांनी, २०२३ मध्ये, त्यांना त्यासाठी इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. पुढच्याच वर्षी चमचा विक्रीला आला. अन्नातल्या मिठाचे सोडियम आयन विजेमुळे जिभेपाशी गोळा होतात आणि खारटपणा सुमारे दीडपट जाणवतो, असं किरिन सांगते. जपानी माणूस दिवसाला साधारण १० ग्रॅम मीठ खातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे.

त्या दिवशी घरात सगळे हसले, पण आई हसली नाही. रक्तदाबामुळे तिच्यासाठी वरण वेगळं, आळणी काढावं लागतं, आणि ते ती रोज दोन घासांत संपवून उठते. तिने बातमीतला फोटो मोठा करून बघितला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "चमच्याने खाल्लं तरच लागतं का खारट? वरणभात हाताने कालवून खाल्ला तर नाही का चालत?"