कागद दाखल करण्यापूर्वी: मूळ प्रत कशी सांभाळावी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

न्यायालयासमोरील आमच्या टंकलेखन, भाषांतर आणि स्कॅनिंगच्या कार्यालयात येणारे बहुतेक ग्राहक दाव्याची किंवा खटल्याची एखादी तारीख होऊन गेल्यावर येतात आणि वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारतात: ‘‘आमच्याकडे कागद आहे, तो आम्ही दाखलही केला आहे, मग कोर्ट तो धरत का नाही?’’ या प्रश्नाचे उत्तर घाईच्या वेळी नीट देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिले आहे. आम्ही वकील नाही. दावा लावावा की नाही, कोणते कलम लागू होते, तडजोड करावी का, हे आपल्या वकिलांनीच ठरवायचे आहे. आमचा संबंध फक्त कागदाशी आणि तो कोणत्या स्थितीत न्यायालयापुढे जातो, याच्याशी आहे.

तालुक्याच्या ठिकाणी बहुधा एकच न्यायाधीश दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणून दावे चालवतात आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी खटलेही चालवतात. दालन तेच असले तरी दोन्हीकडे पुरावा मोजण्याचे माप मात्र वेगळे असते. दिवाणी दाव्यात वादीचे वादपत्र आणि प्रतिवादीची कैफियत समोर ठेवून न्यायालय मुद्दे काढते, त्या मुद्द्यांवर दोन्ही बाजूंचा पुरावा घेते आणि कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते, ते पाहून प्रत्येक मुद्द्यावर होकारार्थी किंवा नकारार्थी निष्कर्ष देते. फौजदारी खटल्यात आरोपीचा दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, आणि संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. बांधावरून झालेल्या मारामारीच्या खटल्यात निर्दोष सुटलेले ग्राहक निकालाची नकल घेऊन येतात आणि ‘‘आता बांध आमचाच ठरला ना?’’ असे विचारतात. तसे ठरत नाही. मारामारी सिद्ध झाली नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ असतो. बांध कोणाचा, हे दिवाणी दाव्यात मोजणी, खरेदीखत, ताबा आणि साक्षी यांवरून स्वतंत्रपणे ठरते. सातबारावरील नोंद महत्त्वाची असली तरी ती मुळात महसुलासाठी असते आणि केवळ तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. कागद दाखल होणे आणि कागद सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वादपत्रासोबत दस्तऐवजांच्या यादीने दिलेला कागद प्रकरणात केवळ आलेला असतो. तो पुराव्यात वाचला जाण्यासाठी साक्षीदाराने सरतपासाच्या, म्हणजे स्वतःच्या बाजूने दिलेल्या जबाबाच्या, शपथपत्रात त्याचा उल्लेख करावा लागतो, तो कोणी लिहिला आणि त्यावर सही कोणाची, हे सांगावे लागते, आणि मगच न्यायालय त्याला पुरावा म्हणून निशाणी क्रमांक देते. निशाणी हा शब्द अर्जांनाही लागतो, त्यामुळे घोटाळा होतो. दाव्यातील ‘निशाणी ५’ म्हणजे बहुधा तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत प्रतिपक्षाला रोखण्याचा, अर्ज असतो. त्याला क्रमांक मिळाला म्हणजे त्यातील मजकूर खरा ठरला, असे होत नाही.

येथेच आमच्या ग्राहकांची ती चूक घडते, जिच्यामुळे त्यांचा सर्वाधिक वेळ जातो. ते झेरॉक्स घेऊन येतात आणि मूळ कागद घरी, भावाकडे, बँकेत किंवा कोठे आहे ते आठवत नाही अशा स्थितीत असतो. कायद्याचा सर्वसाधारण नियम असा आहे की दस्तऐवजाचा मजकूर मूळ दस्तऐवजानेच सिद्ध करावा, आणि दुय्यम पुरावा, म्हणजे झेरॉक्ससारखी प्रत, ठराविक कारणे दाखवल्यावरच द्यावी. मूळ हरवले, नष्ट झाले किंवा प्रतिपक्षाच्या ताब्यात असून मागूनही तो देत नाही, अशी ती कारणे असतात. उलटतपासात समोरचे वकील ‘‘मूळ कोठे आहे?’’ असे विचारतात तेव्हा दुय्यम पुराव्याच्या परवानगीसाठी अर्ज करावा लागतो, त्यावर प्रतिपक्षाचे म्हणणे येते, युक्तिवाद होतो, आदेश होतो, आणि एवढ्यात कित्येक तारखा निघून जातात. नोंदणीकृत खरेदीखताच्या बाबतीत दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नकल मिळू शकते. हातउसन्या रकमेची पावती, घरगुती वाटणीचा कागद, भाडेकरूने लिहून दिलेली चिठ्ठी अशा कागदांची नकल कोणत्याही सरकारी कार्यालयात नसते. त्यांचे मूळ गेले की ते कायमचे जाते.

मूळ जवळ असूनही ते बिघडवले जाते, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते. कागद टिकावा म्हणून लोक त्याचे लॅमिनेशन करतात. लॅमिनेशन केलेल्या कागदावरील शाई, दाब आणि खाडाखोड हस्ताक्षर तज्ज्ञाला नीट तपासता येत नाही, न्यायालयाला त्यावर निशाणीचा शेरा मारता येत नाही, आणि पोस्टाची किंवा एटीएमची पावती असेल तर ती उष्णतेने काळी पडून वाचताच येत नाही. अशा पावत्यांचा कागदच उष्णतेवर उमटणारा असतो. तो नुसता ठेवला तरी काही महिन्यांत पुसट होतो. धनादेश न वटल्याच्या प्रकरणात तर या पावतीवर बरेच अवलंबून असते, कारण बँकेकडून धनादेश परत आल्याची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत देणेकऱ्याने रक्कम दिली नाही तर त्यापुढील एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते, आणि हे सगळे दिवस पावतीवरील तारखांवरूनच मोजले जातात. म्हणून पावती हाती पडली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढावी, मूळ पावती कागदी पाकिटात सावलीत ठेवावी, आणि नोटीस पोहोचल्याचा पोस्टाच्या संकेतस्थळावरील तपशील त्याच आठवड्यात छापून घ्यावा, कारण काही काळाने तो तेथे दिसेनासा होतो.

मूळ कागदावर पेनाने खुणा करू नयेत, महत्त्वाच्या ओळीखाली रेघ ओढू नये, आणि पावतीवर महसूल तिकीट लावायचे राहिले असेल तर ते आता चिकटवू नये. मुद्रांकाची उणीव पुष्कळदा शुल्क आणि दंड भरून दूर करता येते. वचनचिठ्ठीच्या (प्रॉमिसरी नोटच्या) बाबतीत ती सोय नाही. परंतु मागाहून केलेला फेरफार उलटतपासात उघड झाला, तर त्या एका कागदाबरोबर साक्षीदाराच्या बाकीच्या सांगण्यावरचाही विश्वास जातो. ज्यांचे म्हणणे पूर्ण खरे होते, अशी माणसे केवळ एका तिकिटामुळे साक्षीच्या पिंजऱ्यात अडखळलेली आम्ही पाहिली आहेत.

गेल्या काही वर्षांत कागदापेक्षा मोबाईलच अधिक येऊ लागला आहे. व्हॉट्सॲपवरील संभाषणाचे स्क्रीनशॉट मुलाच्या किंवा मित्राच्या फोनवरून आमच्याकडे पाठवले जातात आणि ‘‘एवढे छापून द्या’’ असे सांगितले जाते. आम्ही छापून देतो, पण त्याआधी संभाषण ज्या फोनवर आले तो फोन कोठे आहे, हे विचारतो, आणि अनेकदा तो बदलून नवा घेतल्याचे उत्तर मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या छापील प्रतीसोबत ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा भाग ‘अ’ पक्षकाराने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला तिच्या ओळखीचा आकडा, लिहायची असते. फाइलमध्ये एका अक्षराचाही बदल झाला तर हा आकडा पूर्णपणे वेगळा येतो. व्हॉट्सॲपने नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र वाटेत लहान केले जाते आणि ते कधी, कोठे काढले, ही आतली माहितीही निघून जाते. म्हणजे आमच्यापर्यंत पोहोचते ती मूळ फाइल नसतेच. म्हणून कृपया फोनच घेऊन यावे, आणि ते अगदीच शक्य नसेल तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

प्रमाणपत्राची ही अट आधीच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्येही होती, आणि तिच्याबाबतचा महत्त्वाचा निर्णय आपल्या जालन्यातील प्रकरणातलाच आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितींचा प्रश्न होता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतीसाठी प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले तर ते लागत नाही. आणि प्रमाणपत्र मागूनही संबंधित व्यक्ती देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. जुना फोन विकू नका, त्यातील संभाषण पुसू नका, असे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, ते यासाठीच.

आमच्या काही पद्धतींबद्दल तक्रार होते, तिचेही उत्तर द्यावेसे वाटते. संभाषणातील आपल्या सोयीचे चार संदेश निवडून छापण्यास आम्ही नकार देतो आणि त्या दिवसाचे संपूर्ण संभाषण तारखेसह छापतो, कारण मधला भाग गाळलेला आहे, हे समोरच्या पक्षाच्या फोनवरून लगेच दिसते. भाषांतरात आम्ही शिवी सौम्य करत नाही आणि संदिग्ध वाक्य स्पष्ट करत नाही. मोडी कागदाच्या लिप्यंतरात न वाचलेला शब्द अंदाजाने भरत नाही. तेथे ‘अवाच्य’ असे लिहितो. शपथपत्रावर मागची तारीख टाकून देत नाही. तारखेच्या दिवशी सकाळी आलेले स्कॅनिंगचे काम आम्ही घेत नाही, याचा काहींना राग येतो. परंतु घाईत पृष्ठक्रमांक चुकलेली यादी न्यायालयात परत होते आणि दोष अखेर ग्राहकाच्या माथी येतो. कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा नमुना आम्ही टंकलिखित करून देतो आणि हॅश व्हॅल्यू आपल्यासमोर काढतो, पण तज्ज्ञ म्हणून सही करत नाही. भाग ‘ब’ कोणाकडून भरून घ्यायचा, हे वकिलांना विचारावे.

आमच्याकडे येताना मूळ कागद, प्रकरणाचा क्रमांक किंवा १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (न्यायालयाच्या संगणकावरील प्रकरणाचा ओळख क्रमांक) आणि पुढील तारीख घेऊन यावे. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. आपल्यासमोर स्कॅन करून त्याच वेळी परत देतो, आणि पृष्ठक्रमांक घातलेली यादी, छापील संच व पेनड्राइव्हवरील प्रत असे तिन्ही एकाच दरात देतो. दर दारावरील फलकावर लिहिलेले आहेत. दाव्याचे काम असेल तर वादपत्र दाखल होण्यापूर्वीच यावे, कारण वादीने आपले कागद वादपत्रासोबतच द्यावेत, असा दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम आहे आणि मागाहून आणलेल्या कागदासाठी न्यायालयाची परवानगी लागते. मोडी कागदांसाठी किमान आठ दिवस हाती ठेवावेत. तारखेच्या तीन दिवस आधी आलेले बाकीचे काम आम्ही तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपल्या वकिलांच्या हाती पोहोचते करतो.